चर्चिल : पांढऱ्या अस्वलांचे गाव आणि त्यामागची विस्मृत माणसे (इतिहास धागा)

१/२२
कॅनडाच्या मानिटोबा प्रांतात, चर्चिल नदी हडसन उपसागराला मिळते त्या मुखाशी, याच नदीच्या नावाचे एक गाव आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ८७०. गावापर्यंत पोहोचणारा एकही रस्ता नाही. विनिपेगहून रेल्वेने जवळजवळ दोन दिवस लागतात. घाई असेल त्याने विमानाने यावे. तरीही दरवर्षी जगभरातून पर्यटक येथे येतात, ते ध्रुवीय अस्वले पाहण्यासाठी. नदीपलीकडचा दगडी किल्ला त्यांतील थोडेच पाहतात. गावाबाहेरची एक ओसाड जागा त्याहूनही थोडे जण पाहतात. अस्वले, किल्ला आणि ती ओसाड जागा यांना जोडणाऱ्या तीनशे वर्षांचा हा धागा.

२/२२
आधी नावाविषयी. चर्चिल म्हटले की विन्स्टन चर्चिल आठवतो. परंतु हे नाव त्याच्या पूर्वजाचे, म्हणजे पुढे मार्लबरोचा ड्यूक झालेल्या जॉन चर्चिलचे. तो १६८५ ते १६९२ या काळात हडसन्स बे कंपनीचा गव्हर्नर होता. येथे त्याने कधी पाऊलही ठेवले नाही. इनुइट लोक या स्थळाला ‘कूग्जुआक’ म्हणजे ‘मोठी नदी’ म्हणतात, आणि नदीमुखाजवळच्या उंचवट्यावर सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचे अवशेष सापडले आहेत. उत्तरेच्या किनाऱ्यावरचे इनुइट, पश्चिमेच्या विरळ अरण्यांतील डेने आणि दक्षिणेचे क्री, अशा तीन लोकसमूहांच्या सीमा येथे एकमेकींना भिडत होत्या. पुढचा सारा इतिहास या भूगोलातून घडला.

३/२२
अस्वले नेमकी येथेच का जमतात, याचेही उत्तर भूगोलात आहे. हडसन उपसागर हिवाळ्यात गोठतो आणि उन्हाळ्यात पूर्णपणे वितळतो. ध्रुवीय अस्वलाचे मुख्य खाद्य सील, आणि सीलची शिकार करायची ती समुद्रावरच्या बर्फावरून. बर्फ वितळला की अस्वले नाइलाजाने किनाऱ्यावर येतात आणि कित्येक महिने जवळजवळ उपाशी काढतात. शरद ऋतू सरता सरता बर्फ प्रथम धरतो तो नदीमुखांजवळ, कारण गोडे पाणी खाऱ्याच्या आधी गोठते. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती चर्चिलच्या परिसरात येऊन समुद्र गोठण्याची वाट पाहतात. पर्यटकांना जो देखावा वाटतो, तो वस्तुतः उपवास सुटण्याची प्रतीक्षा आहे.

४/२२
या नदीमुखाशी हिवाळा काढणारे ज्ञात असे पहिले युरोपीय डॅनिश होते. १६१९ साली राजा चौथ्या ख्रिस्तियनच्या आज्ञेवरून येन्स मुंक दोन जहाजे आणि साठांहून अधिक माणसे घेऊन निघाला. आशियाकडे, म्हणजे मसाल्यांच्या आणि रेशमाच्या प्रदेशांकडे, उत्तर अमेरिकेच्या माथ्यावरून जाणारा जलमार्ग त्याला शोधायचा होता. मार्ग सापडला नाही. समोर आला तो हडसन उपसागराचा पश्चिम किनारा आणि येऊ घातलेला हिवाळा. सप्टेंबरमध्ये त्याने या नदीमुखात नांगर टाकला. आल्या आल्या त्यांनी एक पांढरे अस्वल मारून खाल्ले.

५/२२
जून १६२० पर्यंत जवळजवळ सर्व माणसे मरण पावली होती. मुंकने आपलाही शेवट आला असे समजून रोजनिशीत निरोपाचा मजकूर लिहून ठेवला. किनाऱ्यावर दोन साथीदार अजून जिवंत आहेत हे त्याला त्यानंतर कळले. बर्फाखालून उगवलेले हिरवे कोंब आणि मुळे खाऊन तिघे सावरले आणि लहान जहाज हाकारत नॉर्वेला परतले. मृत्यूचे कारण बहुधा स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाचा अभाव. काही अभ्यासकांच्या मते अर्धवट शिजलेल्या अस्वलाच्या मांसातील कृमींचाही त्यात वाटा असावा. एक गोष्ट मात्र निश्चित : हा प्रदेश जाणणारी माणसे सोबत नसतील, तर येथे जहाजे आणि तोफा निरुपयोगी ठरतात.

६/२२
अर्धे शतक गेले. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स मराठी वाचकांच्या ओळखीचा आहे. आंदण मिळालेली मुंबई त्याने १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीला नाममात्र भाड्याने दिली. त्याच राजाने २ मे १६७० रोजी हडसन्स बे कंपनीला सनद दिली आणि हडसन उपसागराला मिळणाऱ्या सर्व नद्यांचे खोरे तिच्या हवाली केले. तो प्रदेश किती मोठा आहे हे राजाला ठाऊक नव्हते, आणि तेथे राहणाऱ्यांना आपली भूमी कोणी कोणाला दिली हेही ठाऊक नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली, तेव्हा तेथील इंग्रज आपल्या वखारीचे रक्षण करत होते. वखार, सनद आणि लंडनमधील भागधारक हे सूत्र दोन्हीकडे एकच होते.

७/२२
येथला माल मात्र वेगळा : बीव्हर या पाणप्राण्याची कातडी. तिच्या मऊ लवेपासून दाबून केलेल्या नमद्याच्या टोप्यांना युरोपात मोठी मागणी होती. कंपनीचे लोक स्वतः शिकारीला जात नसत. ते नदीमुखांवर वखारी घालून बसत आणि अंतर्भागातील लोक कातडी घेऊन येत. मोबदल्यात बंदुका, दारूगोळा, किटल्या, कुऱ्हाडी, घोंगड्या मिळत. दक्षिणेकडील यॉर्क फॅक्टरी ही वखार क्री लोकांच्या आवाक्यात होती. त्यामुळे बंदुका प्रथम क्रींच्या हाती आल्या आणि बंदूक नसलेल्या डेने लोकांवर त्यांची सरशी होऊ लागली. डेने वखारीपर्यंत पोहोचू शकत नव्हते, कारण वाट क्रींच्या मुलखातून जात होती.

८/२२
ही कोंडी फोडली एका तरुण डेने स्त्रीने. १७१३ साली क्रींनी तिला पकडून नेले होते. १७१४ च्या शरदात ती एका सोबतिणीसह निसटली. सोबतीण वाटेत गेली. ही मात्र नोव्हेंबरमध्ये यॉर्क फॅक्टरीत पोहोचली. तेथील गव्हर्नर जेम्स नाइट याला डेने लोकांशी व्यापार हवा होता, आणि त्यासाठी डेने व क्री यांच्यात तह होणे आवश्यक होते. दोन्ही भाषा जाणणारी आणि दोन्ही पक्षांना ओळखणारी अशी ही एकच व्यक्ती त्याच्यासमोर होती.

९/२२
जून १७१५ मध्ये कंपनीचा विल्यम स्टुअर्ट, सुमारे दीडशे क्री आणि ही स्त्री असा तांडा वायव्येकडे निघाला. हिवाळा आला, उपासमार झाली, आजार पसरले आणि तांडा फुटला. उरलेल्यांना वाटेत क्रींच्याच दुसऱ्या टोळीने मारलेल्या डेने लोकांची प्रेते दिसली. सूडाच्या भीतीने क्री परतायला निघाले. तिने त्यांना दहा दिवस थांबण्यास सांगितले आणि ती एकटी आपल्या लोकांच्या शोधात गेली. मुदत संपता संपता ती शंभराहून अधिक डेनेंना घेऊन परतली. घसा बसेपर्यंत बोलून तिने त्यांचे मन वळवले होते. तह झाला. मे १७१६ मध्ये मंडळी वखारीत परतली.

१०/२२
५ फेब्रुवारी १७१७ रोजी आजारपणाने तिचा मृत्यू झाला. नाइटने रोजनिशीत तिच्या धैर्याची आणि करारी स्वभावाची मनापासून प्रशंसा केली आहे. तिचे नाव मात्र लिहिलेले नाही. कंपनीच्या कागदांत ती केवळ ‘गुलाम स्त्री’ आहे. ‘थानाडेलथर’ हे तिचे नाव आज जगाला माहीत आहे, ते डेने लोकांच्या मौखिक परंपरेने जपले म्हणून. कागद तारीख सांगतो आणि स्मृती नाव सांगते. इतिहासाच्या अभ्यासकाला येथे दोहोंची गरज पडते.

११/२२
त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात नाइटने चर्चिल नदीच्या मुखाशी वखार घातली. डेने लोकांना क्रींच्या मुलखातून न जाता येता यावे, हाच तिचा उद्देश. म्हणजे चर्चिलची वखार उभी राहिली ती थानाडेलथरने घडवलेल्या तहाच्या पायावर. वखारीच्या जागेभोवती नाइटच्या माणसांना मुंकच्या साथीदारांच्या दफनाच्या खुणा दिसल्या. दोन वर्षांनी नाइट स्वतः सोने आणि जलमार्ग यांच्या शोधात उत्तरेकडे निघाला. त्याची दोन्ही जहाजे मार्बल बेटाजवळ अडकली आणि कोणीही परतले नाही.

१२/२२
१७३१ साली नदीमुखाच्या पश्चिम टोकावर दगडी किल्ल्याचे काम सुरू झाले : ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ किल्ला. चौकोनी भुईकोट, चार कोपऱ्यांना चार बुरूज, तळाशी दहा मीटरहून अधिक जाड तट आणि चाळीस तोफा. शत्रू अपेक्षित होता तो फ्रान्स. पुण्यात १७३० साली पायाभरणी झालेला शनिवारवाडा दोन वर्षांत राहण्याजोगा झाला. या किल्ल्याला मात्र चाळीस वर्षे लागली. उन्हाळ्याचे मोजके आठवडेच बांधकाम शक्य होते, कुशल गवंडी कमी होते आणि चुकीचे बांधलेले भाग पाडून पुन्हा उभारावे लागले. तोवर लंडनचे संचालक खर्च मोजून थकले होते. चाळीस तोफा चालवण्याइतकी शिबंदी तेथे कधीच ठेवली गेली नाही.

१३/२२
किल्ला अपूर्ण असतानाच येथे विज्ञानाचाही एक अध्याय घडला. विल्यम वेल्स आणि जोसेफ डायमंड हे दोघे खगोलनिरीक्षक १७६८ साली येथे आले. संपूर्ण हिवाळा काढून त्यांनी ३ जून १७६९ रोजी शुक्राचे सूर्यबिंबावरून होणारे अधिक्रमण नोंदवले. पृथ्वी आणि सूर्य यांतील अंतर मोजण्यासाठी जगभर चाललेल्या त्या प्रयत्नात, ताहितीत असलेल्या कॅप्टन कुकप्रमाणेच, चर्चिलचाही वाटा आहे. किल्ल्यापासून जवळच ‘स्लूप कोव्ह’ या खाडीच्या खडकांवर जहाजांना बांधण्याची कडी आणि अनेकांनी कोरलेली नावे आजही दिसतात. त्यांत एक नाव सॅम्युअल हर्नचे आहे. तारीख १ जुलै १७६७.

१४/२२
अंतर्भागातील तांब्याची वार्ता ऐकून कंपनीने याच हर्नला पायी पाठवले. १७६९ आणि १७७० मधील त्याचे दोन प्रयत्न फसले. दुसऱ्या वेळी अर्धमेल्या अवस्थेत परतताना त्याला माटोनाबी हा डेने नायक भेटला. माटोनाबीचा जन्म किल्ल्यातलाच. डेने, क्री आणि इंग्रज या तिन्ही जगांत तो सहज वावरत असे. त्याने हर्नला सांगितले की मोहीम फसली, कारण सोबत स्त्रिया नव्हत्या : ओझी वाहणे, तंबू उभारणे, कपडे शिवणे, अन्न तयार करणे ही कामे त्यांच्याविना होत नाहीत. डिसेंबर १७७० मध्ये माटोनाबीच्या नेतृत्वाखाली, त्याच्या पत्नी आणि कुटुंबासह, तिसरी मोहीम निघाली.

१५/२२
कॅरिबूंच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतील रेनडिअरांच्या, कळपांमागून हे लोक चालत होते. जुलै १७७१ मध्ये हर्न कॉपरमाइन नदीच्या काठाने उत्तर ध्रुवीय महासागराला पोहोचला. उत्तर अमेरिकेच्या भूमीवरून त्या महासागरापर्यंत गेलेला तो पहिला ज्ञात युरोपीय. त्याच प्रवासात माटोनाबीच्या साथीदारांनी झोपेतल्या इनुइट वस्तीवर हल्ला करून कत्तल केली; हर्नने ती पाहिली आणि पुढे लिहून ठेवली. माटोनाबीला निव्वळ सज्जन वाटाड्या म्हणून रंगवणे म्हणूनच योग्य नाही. डेने हे स्वतःचे मित्र, शत्रू आणि राजकारण असलेले लोक होते. जून १७७२ मध्ये मंडळी किल्ल्यात परतली. नकाशावर नाव हर्नचे आले. वाट, वेग आणि अन्न हे सारे माटोनाबीचे होते.

१६/२२
१७८२ साल. ब्रिटन अमेरिकेतील वसाहती, फ्रान्स, स्पेन आणि हॉलंड यांच्याशी एकाच वेळी लढत होता. हिंदुस्थानात हैदर अलीशी युद्ध चालू होते, आणि मराठ्यांशी नुकताच मे महिन्यात सालबाईचा तह झाला होता. त्या जागतिक युद्धाची एक लाट ऑगस्टमध्ये चर्चिलला धडकली. फ्रेंच नौसेनानी ला पेरूज तीन युद्धनौका घेऊन आला. किल्ल्यात ३९ माणसे होती, आणि गव्हर्नर होता हर्न. चाळीस वर्षे खपून बांधलेल्या किल्ल्याने एकही तोफ न डागता शरणागती पत्करली. फ्रेंचांनी तोफा निकामी केल्या, तट जमेल तितका उडवला आणि उरलेले जाळले. हर्नच्या प्रवासाचे हस्तलिखित ला पेरूजने प्रसिद्ध करण्याच्या अटीवर परत केले. ते १७९५ साली, हर्नच्या मृत्यूनंतर, छापले गेले.

१७/२२
कैदी झालेले इंग्रज मायदेशी गेले. पुढच्या वर्षी हर्न परतही आला. खरी किंमत इतरांनी मोजली. त्याच सुमारास देवीची साथ अंतर्भागातून पसरत आली होती. दहापैकी नऊ डेने त्यात दगावले असे हर्नने लिहिले. हा आकडा अतिशयोक्त मानला तरी हानी भयंकर होती. बंदुकीच्या दारूसाठी आणि व्यापारासाठी वखारीवर विसंबलेल्यांना ती वखारच जळालेली दिसली. किल्ला पडल्याचे आणि हर्न गेल्याचे कळल्यावर माटोनाबीने आत्महत्या केली. त्याच्या कुटुंबातील अनेक जण त्या हिवाळ्यात उपासमारीने मेले.

१८/२२
पुढील दीड शतकात कातड्यांचा व्यापार ओसरला. १९२९ साली रेल्वे चर्चिलला पोहोचली आणि १९३१ पासून प्रेअरीचा गहू येथून युरोपला रवाना होऊ लागला. गाव नदीच्या पूर्व तीरावर वाढले. १९४२ साली अमेरिकी सैन्याने विमानतळ उभारला. शीतयुद्धात हा लष्करी तळ फुगला आणि वातावरणाच्या अभ्यासासाठी अग्निबाण सोडले जाऊ लागले. हजारो माणसे, त्यांचा कचरा, आणि त्या कचऱ्याकडे ओढली जाणारी अस्वले. माणूस आणि अस्वल यांच्या आधुनिक संघर्षाची सुरुवात येथे होते.

१९/२२
याच काळात डेनेंच्या इतिहासातील सर्वांत काळे पान लिहिले गेले. सायिसी डेने हा गट चर्चिलच्या पश्चिमेस लिटल डक लेकच्या परिसरात राहून कॅरिबूंवर जगत होता. कॅरिबू झपाट्याने घटत आहेत आणि डेने त्यांची नासधूस करतात, असे अधिकाऱ्यांचे मत झाले. १९५५ साली मारलेल्या कॅरिबूंची छायाचित्रे पुरावा म्हणून पुढे आली. हिवाळ्यासाठी मांस गोठवून साठवण्याची डेनेंची जुनी रीत त्यात कोणी वाचली नाही. पुढील दशकांतील मोजणीत हे कळप तेव्हा समजले गेले त्याहून कितीतरी मोठे दिसले. परंतु निर्णय होऊन गेला होता. तेथील वखारही बंद होत होती. ऑगस्ट १९५६ मध्ये सरकारने सुमारे अडीचशे लोकांना विमानाने चर्चिलला आणून सोडले.

२०/२२
नव्या जागी शिकार नव्हती, काम नव्हते, निवारा अपुरा होता. काही काळाने त्यांना ‘कॅम्प १०’ या वस्तीत ठेवले गेले. ती गावच्या दफनभूमीला लागून होती. मृतांच्या शेजारी राहणे डेनेंना भयप्रद आणि अनुचित वाटे. उणे तीस अंशांतील झोपड्या, आगी, दारू, हिंसा, भूक; मुले कचऱ्याच्या ढिगात अन्न शोधत, जेथे अस्वलेही येत. १९६० च्या दशकात वस्ती ‘डेने व्हिलेज’ येथे हलवली, पण दुर्दशा हलली नाही. या पर्वात ११७ जण दगावले. १९७३ साली लोकांनी स्वतः निर्णय घेतला आणि ते अंतर्भागातील टॅडूल सरोवराकाठी, कॅरिबूंच्या प्रदेशात, परतले. मानिटोबा सरकारने २०१० साली आणि कॅनडा सरकारने ऑगस्ट २०१६ मध्ये माफी मागितली. केंद्राची भरपाई होती ३.३६ कोटी डॉलर. गावाबाहेरची ती ओसाड जागा म्हणजे हे डेने व्हिलेज.

२१/२२
चर्चिलने अस्वलांबरोबर राहण्याची रीत शिकून घेतली आहे. गावात शिरणाऱ्या अस्वलाला आधी हाकलतात; न ऐकल्यास पकडून एका जुन्या लष्करी इमारतीत ठेवतात आणि नंतर दूर नेऊन सोडतात. अनेक रहिवासी घरांना आणि गाड्यांना कुलूप लावत नाहीत, म्हणजे वाटसरूला झटकन आत शिरता यावे. परंतु अस्वलांचा आधार असलेला बर्फच आता उशिरा धरतो आणि लवकर वितळतो. पश्चिम हडसन उपसागरातील अस्वलांचा अंदाज २०१६ साली ८४२ होता. २०२१ साली तो ६१८ वर आला. गावही निसर्गापुढे नाजूक आहे : २०१७ च्या पुराने रेल्वेमार्ग वाहून गेला आणि २०१८ च्या अखेरीपर्यंत गाव रेल्वेविना राहिले.

२२/२२
जाणाऱ्यांसाठी ऋतुमान असे. जुलै-ऑगस्टमध्ये हजारो पांढरे बेलुगा देवमासे नदीमुखात येतात आणि बोटीने पलीकडे जाऊन किल्ला व स्लूप कोव्ह पाहता येतात. सोबत अस्वलांसाठी बंदूकधारी रक्षक असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर अस्वलांचा. कडक हिवाळा ध्रुवीय प्रकाशाचा. गावातील इत्सानिताक संग्रहालयात इनुइट कोरीवकामाचा जुना संग्रह आहे. हे सारे पाहावे. मात्र डेने व्हिलेजच्या जागीही थोडा वेळ थांबावे. १७१७ साली ज्यांच्या येण्यासाठी ही वखार घातली गेली, त्यांनाच १९५६ साली येथे आणून टाकण्यात आले. त्यांनी बांधलेला किल्ला नाही आणि कंपनीच्या रोजनिशीत त्यांच्या पहिल्या मध्यस्थाचे नावही नाही. थानाडेलथर हे नाव तीनशे वर्षे तोंडी जपणारे लोक टॅडूल सरोवराकाठी आजही राहतात. चर्चिलचा इतिहास त्यांना वगळून सांगता येत नाही.

(धागा समाप्त)